सोमाण्णांची दोन कार्डं

सोमाण्णा गेले तेव्हा त्यांच्या अंगणात जमलेली माणसं त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी बोलत होती. एक, असा हुशार माणूस वाडीत दुसरा झाला नाही. आणि दुसरी, जरा आवाज उतरवून, की तेवढं भिकाच्या बायकोच्या वेळेला बिचाऱ्याच्या हातून चुकलं. मी तिथंच ओट्यावर बसले होते. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी अवाक्षर काढलं नाही. तसा शब्दच दिला होता मी. आता भिकाजीही गेला. ज्याच्यासाठी गप्प राहायचं तोच उरला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी मूळची रामनगरची. कुंभारवाड्याच्या पलीकडे रानातल्या या वाडीत शाळेवर बाई म्हणून आले ते वर्षभरात बदली करून घेईन अशा बेतानं. आज एकोणीस वर्षं झाली. मी आल्यावर चार वर्षांनी सोमाण्णा वाडीत परत आले. पूर्ण नाव सोमा वेळीप. गोव्यातल्या एका हॉटेलात बागकामाला म्हणून गेलेला हा माणूस तिथल्या कम्प्युटरवाल्याच्या मागे मागे फिरून सगळं शिकला, पुढे तेच काम करू लागला, आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर एक दिवस सगळं सोडून भात आणि कणगीचे कंद लावायला घरी आला. उंची बेताची, केस बारीक कापलेले, कानावर पेन्सिल. चष्मा होता, पण तो नाकापेक्षा खिशातच जास्त असायचा.

वाडीत मोबाइलला रेंज नाही. कुणी आजारी पडलं तर वर रस्त्यापर्यंत चालत जायचं आणि जोयड्याच्या दवाखान्याकडे जाणारं एखादं वाहन मिळतंय का ते बघायचं. सोमाण्णांनी एका संस्थेच्या मागे लागून शाळेच्या छपरावर अँटेना बसवून घेतला, जोयड्याच्या बाजूच्या डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड केलेला. खाली माझ्या वर्गाच्या मागच्या खोलीत एक जुना कम्प्युटर. त्यात दोन नेटवर्क कार्डं. एकात अँटेनाकडून आलेली तार, दुसऱ्यातून वाडीतल्या घरांकडे गेलेली. एक बाहेरचं, एक आतलं. या दोघांच्या मधे बसून तो कम्प्युटर इकडचं तिकडं करायचा, आणि त्यामुळे घराघरातल्या फोनवरून दवाखान्याला फोन लागायचा, गाडी बोलावता यायची. कार्डं दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रूपाची. वेगळेपण एवढंच की प्रत्येकावर कारखान्यातून कोरून आलेला एक लांबलचक नंबर होता. तो नंबर बघून कुणाला ‘बाहेर’ म्हणायचं आणि कुणाला ‘आत’, हे सोमाण्णांनी कम्प्युटरला लिहून दिलं होतं.

त्या खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढायचे. मी एकदा थट्टेनं विचारलं, “अण्णा, देव आहे का हो आत?” तर म्हणाले, “देव न्हाई बाई, धूळ येते.” कम्प्युटर बिघडला असं ते कधी म्हणत नसत. “आयकत न्हाई,” एवढंच म्हणायचे. आणि एक शब्द त्यांना अजिबात चालायचा नाही. ‘वाटतं’. मी जाऊन सांगावं की अण्णा, वाऱ्यानं लाइन गेलीय असं वाटतं, की लगेच पेन्सिल कानावरून खाली यायची. “वाटतं म्हणू नका. दिसलं काय ते सांगा.” सुरुवातीला राग यायचा मला. शिकवणं हा माझा धंदा आणि हा माणूस मला शिकवतोय! पण पुढे पुढे मीच वर्गातल्या पोरांना तसं म्हणायला लागले.

एका वर्षी मे संपता संपता लाइन अडखळायला लागली. कुणी म्हणालं ढगांनी, कुणी म्हणालं डोंगरावरच्या माणसांनी मुद्दाम कमी करून ठेवलीय. सोमाण्णा सलग चार दिवस छपरावर जाऊन बसले. समोर बघायचे, खाली येऊन काहीतरी लिहायचे, पुन्हा वर. चौथ्या दिवशी म्हणाले, “समोरच्या मत्तीच्या झाडाला पालवी फुटलीया. बरोबर आड येते.” लगेच वाडीतले दोघे कुऱ्हाड घेऊन निघाले. अण्णांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि भिकाजीला दाढीचा आरसा देऊन डोंगरावर धाडलं. तिथून तो उन्हाचा कवडसा पाडायचा आणि इकडे सोमाण्णा अँटेना खांद्यावर घेऊन छपरावर सरकायचे. पाऊण दिवस हा खेळ चालला. शेवटी तीन हात डावीकडे कवडसा स्वच्छ दिसला. अँटेना तिथं बसला. मत्तीचं झाड अजून आहे.

भिकाजी त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. घरं हाकेच्या अंतरावर, गुरं एकत्र. भिकाजीला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सोमाण्णांनी तारेचं भेंडोळं उचललं की दुसरं टोक त्याच्या हातात असायचंच. त्याची बायको पार्वती. शाळेच्या बाजूनं जाताना खिडकीतून वाकून “बाई, जेवलात?” असं विचारल्याशिवाय ती पुढे गेली नाही कधी.

आता ती खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि यंत्रं विश्रांती घेतात. कोयता, नांगर, जीप, शिलाईचं मशीन, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. वर्षभर रात्रंदिवस चालणारा आमचा कम्प्युटरही तेवढ्या एकाच दिवशी बंद व्हायचा. सोमाण्णा त्याचं झाकण उघडायचे, दोन्ही कार्डं उपसून काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि केळीच्या पानावर ठेवून पूजा करायचे. “बिचारी बोलत न्हाईत, पण सगळ्यात जास्त राबतात,” म्हणायचे. शहरातला कुणी कम्प्युटरवाला हे ऐकून कपाळाला हात लावेल. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षीही तसंच झालं. सकाळी पूजा, तासाभरानं कार्डं जागच्या जागी, कम्प्युटर सुरू. हिरवे दिवे लुकलुकले. सोमाण्णा घरी जेवायला गेले. दुपारी पार्वतीच्या छातीत कळ आली. भिकाजीनं फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. शेजाऱ्यांनी आपापल्या फोनवरून लावून बघितलं. कुणाचाच लागेना. मग चारजणांनी तिला खुर्चीत बसवून उचललं आणि रस्त्याला नेलं. रस्त्यावर त्या दिवशी जीप कुठली मिळायला? सगळ्या माळा घालून उभ्या. एकानं शेवटी माळ तोडून गाडी काढली. जोयड्याच्या अलीकडेच पार्वती गेली. डॉक्टर म्हणाले, एक तास आधी कळवलं असतं तर आम्ही अर्ध्या वाटेवर गाडी घेऊन आलो असतो.

इकडे सोमाण्णा धावत शाळेत आले होते. मी दाराशी उभी होते. चपला घालूनच ते आत गेले. झाकण उघडलं, दोन्ही कार्डं ओढून काढली, पुन्हा खोचली, कम्प्युटर चालू केला. लाइन आली.

त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला. सकाळी आतलं कार्ड बाहेरच्या जागी आणि बाहेरचं आतल्या जागी बसवलं, आता नीट बसवल्यावर चाललं. सोमाण्णांनीही तोच लावला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. भिकाजी तर नाहीच. पण तो त्यांच्या घरी यायचा बंद झाला, आणि त्याची गुरं वेगळी चरायला जाऊ लागली.

महिनाभरानं सोमाण्णा माझ्याकडे आले. बसले नाहीत. म्हणाले, “बाई, सकाळी कुठलं कार्ड कुठं बसवलं ते मला आठवत न्हाई. दुपारी काढताना बी बघितलं न्हाई. मी उलटं घातलं असंल असं वाटतं.” आणि थांबले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. “हे असं वाटण्यावर न्हाई जगता येत. मला बघाय पायजे.”

तिथून त्यांचं बघणं सुरू झालं. आधी त्यांनी दोन्ही कार्डांचे नंबर उतरवून काढले, झाकण लावलं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि माझी सही घेतली, म्हणजे यापुढे कुणी हात लावला नाही याला साक्षीदार हवा. मग शाळा सुटल्यावर रोज यायचे, कम्प्युटर बंद करायचे, चालू करायचे, तो आपणहून नावं उलटी लावतो का ते बघायचे. आत ते आत, बाहेर ते बाहेर. वहीत एक रेघ. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कम्प्युटर उठत असताना ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. शंभरावर रेघा झाल्या तरी नावं एकदाही चुकली नाहीत. प्रत्येक रेघ त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होती. ते वाळत चालले होते. मी म्हटलं, “पुरे करा आता अण्णा. माणूस चुकतोच.” ते म्हणाले, “चुकतो. पन मी चुकलो काय, तेवढं कळू दे.”

पुढच्या जूनमध्ये वादळात तारांवर झाड पडलं आणि दोन दिवस लाइट गेली. बॅटरीही संपली. तिसऱ्या दिवशी लाइट आल्यावर मी नेहमीसारखा कम्प्युटर चालू केला. हिरवे दिवे लुकलुकले, पण फोन काही लागेना. अण्णांना निरोप धाडला. ते आले, झाकणावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. माझी सही जशीच्या तशी होती. मग पडद्यावरची नावं वाचली. आतल्या कार्डाला नाव लागलं होतं बाहेर, आणि बाहेरच्याला आत. कुणीही हात न लावता. ते खाली जमिनीवरच बसले. मी पाणी आणून दिलं, ते तसंच हातात धरून बसले.

मग उलगडत गेलं. अण्णा रोज बंद-चालू करायचे ते तापलेल्या कम्प्युटरवर. तो तासभर बंद राहून पुरता गार झाला की मगच नावं उलटायची, आणि वर्षभरात तसा तो खंडेनवमीलाच व्हायचा. कम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची जी प्रणाली त्यात होती, तिच्या पोटात कर्नल म्हणून एक मूळ प्रोग्राम असतो. अण्णा त्याला कारभारी म्हणायचे. सगळ्यांच्या आधी हा उठणार, घरात कोण कोण आहे ते बघणार आणि एकेकाला नाव देणार. त्या श्रावणात अण्णांनी नवा कर्नल घातला होता. गार पडलेलं कार्ड उठायला जरा वेळ लावायचं, आणि हा नवा कारभारी त्याचा नंबर धड वाचायच्या आतच घाईनं नावं वाटून मोकळा व्हायचा. त्या दुपारी लाइन आली ती कार्डं नीट बसवली म्हणून नाही, कम्प्युटर तापलेला होता म्हणून.

पण हे कुणाला पटवायचं? कर्नल बनवणारी माणसं जगभर पसरलेली. त्यांना इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. अण्णा सांगायचे, मी लिहायची, आणि ‘वाटतं’ अशा अर्थाचं काही आलं की ते मला खोडायला लावायचे. पहिलं उत्तर आलं की आमच्याकडे असं काही घडत नाही, तुमची कार्डं जुनी असतील. मी संतापले. अण्णा म्हणाले, “बरोबर हाय त्याचं. त्याला दिसलं न्हाई.” दुसरं उत्तर आलं की जुन्या आणि नव्या कर्नलच्या मधे हजारो बदल झालेत, त्यातला नेमका कुठला नडतोय ते शोधून द्या.

हजारो ऐकून मी हातच टेकले. अण्णा मात्र पहिल्यांदाच थोडे हसले. “पाटाचं पानी फुटलं तर आपण काय करतो बाई? मधोमध जाऊन बघतो. तिथं पानी हाय तर खाली फुटलंय, न्हाई तर वर. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध.” तसंच त्यांनी केलं. मधला कर्नल घालायचा, कम्प्युटर दोन तास गार होऊ द्यायचा, चालू करून नावं बघायची. वाडीतली लाइन बंद राहायची म्हणून त्या दोन तासांत ते आपला पुतण्या रस्त्यावर जीपसकट उभा ठेवायचे. दिवसाला एकच फेरी. चौदाव्या दिवशी एकच बदल उरला. कुणीतरी लिहिलेल्या सहा ओळी.

ते कळवलं आणि आठ दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की तुमचं बरोबर आहे, चूक आमची आहे. त्या सहा ओळी मीच लिहिल्या होत्या. दुरुस्ती केली आहे आणि दोष दाखवणारे म्हणून तुमचं नाव त्यात घातलं आहे. शेवटी लिहिलं होतं, यामुळे तुमची काही गैरसोय झाली असल्यास क्षमा असावी.

मी वाचून दाखवलं. ‘गैरसोय’ या शब्दावर मी बोट ठेवलं. म्हटलं, “अण्णा, कळवू या त्याला. काय गैरसोय झाली ते कळू दे त्याला.” ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “नको. कुठं तरी लांब बसून सहा ओळी लिवल्या त्यानं. मुद्दाम न्हाई केलं. त्याची झोप कशापायी घालवायची?”

“तुमची गेली वर्षभर, त्याचं काय?”

“ते झालं आता. आभार मानतो म्हणून लिवा.”

मी लिहिलं. पण माझ्यापुरतं मी ठरवलं होतं की हे भिकाजीला कळलंच पाहिजे. ते पत्र मी जोयड्याला जाऊन कागदावर काढून आणलं आणि अण्णांच्या खिशात कोंबलं. दोन दिवस मागे लागल्यावर ते निघाले. मलाही बरोबर नेलं.

भिकाजी अंगणात चटईवर सुपाऱ्या सोलत बसला होता. सोमाण्णांना बघून उठला. इतक्या महिन्यांनी ते समोरासमोर येत होते. “बरं झालं आलास,” म्हणाला. “मीच येनार होतो.” त्यानं आम्हाला बसायला घातलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग सुपारीच्या ढिगाकडे बघत बोलू लागला. “सोमू, पारू गेल्यापासनं मला तुझा राग हाय. तोंडावर बोललो न्हाई, पन हाय. भाताला बसलो तरी राग, गुरं सोडली तरी राग. आता दमलो मी. येत्या सोमवारी देवळात नारळ ठेवतो. बुधवंताला गाऱ्हानं घालाय सांगितलंय. सोमूच्या हातनं चुकलं, त्याला क्षमा कर, माझ्या मनातला राग काढून घे. तू येशील न्हवं?”

सोमाण्णांचा हात खिशावर होता. मला वाटलं, आता काढतील कागद. ते म्हणाले, “भिका, समज, माझ्या हातनं झालंच नसंल तर?”

भिकाजीनं मान वर केली. “मग कुनाच्या?”

“कुनाच्याच न्हाई. लांबच्या कुनाच्या.”

“लांबच्याला मी काय करू?” भिकाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. “त्याला क्षमा करून मला काय मिळंल? तू माझा हाईस. तुला क्षमा केली तर माझं घर परत माझं हुईल. न्हाईतर ती कशापायी गेली ते मी कुनाला इचारू?”

चहा आला. सोमाण्णांनी कप उचलला, दोन घोट घेतले, आणि म्हणाले, “येतो सोमवारी.”

परतताना मी वाटेतच उभी राहिले. राग आवरत नव्हता. “एक वर्ष जिवाचं रान केलंत ते यासाठी? खिशात पुरावा असून कपाळावर डाग घेणार?”

ते शांतपणे म्हणाले, “मला कळावं म्हणून केलं. मला कळलं.” मग चार पावलं चालून थांबले. “आनी बाई, त्या दिवशी दिवे लुकलुकले ते बघितले मी. फोन लावून न्हाई बघितला. रोज बघायचो. त्या दिवशी भूक लागली होती. हे त्या कागदात न्हाई.” त्यांनी तिथंच माझ्याकडून शब्द घेतला की भिका असेपर्यंत हे कुठं बोलायचं नाही.

त्यानंतर मी सोमाण्णांना पुष्कळदा पाहिलं. दोन्ही घरांची गुरं पुन्हा एकत्र चरू लागली, तारेचं दुसरं टोक पुन्हा भिकाजीच्या हातात आलं, आणि गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं सोमाण्णा गेले तोवर रोजचं येणंजाणं होतंच. पण त्यांची आठवण काढली की मला तो सोमवारच दिसतो. देवळापुढच्या मोकळ्या जागेत सगळी वाडी उभी. पुढे भिकाजी, हातात नारळ. त्याच्या शेजारी सोमाण्णा, धुतलेला पांढरा सदरा, हात जोडलेले. बुधवंतांनी, म्हणजे वाडीच्या मानकऱ्यांनी, खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घरची लक्ष्मी गेली. लोक म्हणाले, व्हय महाराजा. तुझ्याच दुसऱ्या लेकराच्या हातनं, सोमा वेळीपाच्या हातनं, चूक झाली.

लोक क्षणभर अडखळले. त्यांच्या देखत कसं म्हणायचं, असं झालं असावं सगळ्यांना. त्या शांततेत एकट्या सोमाण्णांचा आवाज आला, नेहमीच्या बोलण्यातला, ना उंच ना खालचा.

“व्हय महाराजा.”

भिकाजी वळला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.